डेडमाउसचा 'रँडम अल्बम टायटल' : सलग ऐकायचा की सुटी गाणी?

जुई_सातारा

नमस्कार मंडळी. भाचा पुण्याला इंजिनिअरिंगला आहे, सुट्टीत आमच्याकडे साताऱ्याला आलाय. काल रात्री गच्चीवर त्याच्या फोनवर 'आय रिमेंबर' लागलं आणि मी एकदम हिंजवडीच्या दिवसांत जाऊन पोचले. २००९ साल, रात्रपाळी, कंपनीची बस आणि शेजारी बसणाऱ्या मैत्रिणीच्या इअरफोनची एक बाजू माझ्या कानात. पहाटे चांदणी चौक ओलांडताना हेच गाणं चालू असायचं.

भाच्याला म्हटलं, हे ज्या अल्बममधलं आहे तो अख्खा ऐक. या गाण्याआधी काय येतं, नंतर काय येतं, ते बघ. तर म्हणाला, "मावशी, अल्बम आता कोण ऐकतं? त्याने सुटे ट्रॅक केले आणि मोळी बांधली. नाव बघ ना, 'कुठलंतरी अल्बमचं नाव'! त्यालाच काही पडलं नव्हतं."

मला तेव्हा धड उत्तर देता आलं नाही आणि ते सकाळपासून टोचतंय.

माहीत नसणाऱ्यांसाठी थोडक्यात: डेडमाउस म्हणजे इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीत बनवणारा कॅनडाचा जोएल झिमरमन. उंदराच्या कानांचं मोठं डोकं घालून वाजवतो तो. हा अल्बम २००८चा. त्याआधी २००५ आणि २००६ मध्ये दोन अल्बम झाले होते, पण नाव झालं ते या तिसऱ्याने. बारा ट्रॅक, आणि त्यातल्या बहुतेकांत शब्दच नाहीत.

माझं म्हणणं असं की या बारांना क्रम आहे आणि तो क्रम मोडला तर काहीतरी हरवतं. काय हरवतं ते मात्र नीट सांगता येत नाहीये. तुम्ही सांगा. आणि मी चुकत असेन तर तेही सांगा.

खर्जातला

रुमाल टाकून ठेवतो. रात्री हेडफोन लावून पुन्हा ऐकतो, मग लिहितो.

मागचा_दरवाजा

जुईताई, विषय छान आहे, पण सुरुवातीलाच एक खुंटी ठोकतो. या अल्बमला सगळे 'प्रोग्रेसिव्ह हाउस' म्हणतात आणि मला ते पूर्ण पटत नाही.

हा शब्द आला १९९२ मध्ये, 'मिक्समॅग' या ब्रिटिश मासिकातून. डॉम फिलिप्स या पत्रकाराने तो वापरला. अमेरिकेतून आलेल्या हाउस नावाच्या नृत्यसंगीतावर इंग्लंडमधल्या पोरांनी डब, टेक्नो, लांबलचक वाद्यतुकडे असं काय काय चढवलं होतं, त्या सगळ्याला दिलेलं हे नाव. पुढे साशा आणि जॉन डिगवीड या डीजेंनी १९९६ मध्ये 'नॉर्दर्न एक्स्पोजर' हा मिक्स काढला तेव्हा त्याचा खरा अर्थ उमगला. एका ट्रॅकमधून दुसरा कधी सुरू झाला ते कळू नये, आणि तासाभराने आपण भलत्याच गावी पोचलेलो असावं. प्रगती होते ती रात्रीची, एकट्या गाण्याची नव्हे.

डेडमाउसचा प्रत्येक ट्रॅक स्वतःच सगळं सांगून मोकळा होतो, आणि त्यात इलेक्ट्रो हाउसचा खरखरीत बासही भरपूर आहे. चांगलं आहेच. पण घराणं वेगळं.

कॅंडोलिमचो

दरवाजाभाऊ, घराण्याचं म्हणाल तर आमच्या गोंयात विचारा मरे! इथे रात्रभर सायट्रान्स, १४० बीपीएमच्या (मिनिटाला ठोके) वर, आणि त्या लोकांना हाउस म्हणजे झोपेचं औषध वाटतं. २००७च्या डिसेंबरात आमच्या गावात पहिला सनबर्न महोत्सव झाला. तोवर मला ट्रान्स तेवढा ठाऊक होता. त्याच सुमाराला एका मित्राने या अल्बममधलंच 'फॅक्सिंग बर्लिन' ऐकवलं. मी म्हटलं, हे किती सावकाश जातंय! आणि दोन मिनिटांनी माझं मलाच कळेना की मी मान कधी हलवायला लागलो.

नावावरून भांडण नको. तो सावकाशपणा माझ्या कानाला नवा होता, एवढं सांगतो.

सुपारी_बाग

मागचा_दरवाजा, तुम्ही डॉम फिलिप्स यांचं नाव घेतलंत म्हणून लिहिते. जून २०२२ मध्ये ॲमेझॉनच्या जंगलात ज्यांची हत्या झाली ते हेच. त्यांच्यासोबत ब्रुनो पेरेरा हे तिथल्या मूळ रहिवाशांसाठी काम करणारे ब्राझीलचे जाणकार होते. फिलिप्स 'मिक्समॅग'चे संपादक होते, नंतर ब्राझीलला गेले आणि तिथल्या जंगलाबद्दल, माणसांबद्दल लिहीत राहिले. बातमी वाचली तेव्हा हा माणूस आणि तो शब्द देणारा माणूस एकच, हे मला माहीतच नव्हतं. कळलं त्या दिवशी खूप वेळ काही सुचलं नाही.

अवांतराबद्दल क्षमस्व. पण त्यांचं नाव इथे निघालं याचं बरं वाटलं.

मागचा_दरवाजा

@सुपारी_बाग, क्षमा कसली! हे मीच लिहायला हवं होतं.

तीनताल

जुई, तुझ्या प्रश्नाला मी गाण्याच्या बाजूने हात घालतो. मी तबला शिकलोय आणि हे संगीत माझ्याकडे मुलीमुळे आलं.

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा 'धम् धम् धम् धम्' याच्यापलीकडे काही ऐकू आलं नाही. मग सवयीने मोजायला लागलो. 'आय रिमेंबर' १२८ बीपीएमवर आहे. चार मात्रांचा एक बार धरला तर मिनिटाला बरोबर ३२ बार होतात. आठ बारांचा एक टप्पा पंधरा सेकंदांचा, सोळांचा अर्ध्या मिनिटाचा. आता घड्याळ लावून बसा. नवीन आवाज येतो किंवा जुना निघून जातो तो जवळजवळ नेहमी अशाच एखाद्या टप्प्याच्या तोंडावर. आपल्याला समेची चाहूल लागते ना, तशी शरीराला या जागांची चाहूल लागते. माणूस मोजत नसतो, पण पाय मोजत असतात.

आणि क्रमाचं म्हणशील तर आठवा आणि नववा ट्रॅक बघ. दोन्ही 'फॅक्सिंग बर्लिन'. त्यातला आधी येतो तो छोटा, पियानोवरचा. मूळ ट्रॅक त्याच्या मागून. मला ते अगदी आलाप आणि बंदिश असं वाटतं. आधी सुरांची ओळख करून दिली, ठेका नंतर आला. क्रमाचं काही पडलं नसतं तर पियानोची आवृत्ती शेपटाला लावून दिली असती, जादा माल म्हणून.

नकोच_ते

तीनतालकाका, मोजणी मान्य, तुलना अमान्य. ख्यालात गाणारा त्या क्षणी ठरवत असतो. समोर कोण बसलंय, आवाज कसा लागलाय, यावर सगळं. इथे सगळं आधीच संगणकात मांडून ठेवलेलं. प्रत्येक नव्या गोष्टीला आपल्या शास्त्रीय संगीताचं शेपूट लावल्याशिवाय आपल्याला चैन का पडत नाही? ते संगीत त्याच्या जागी मोठं आहे, त्याला आलापाचा टेकू नको.

तीनताल

@नकोच_ते, उपजेचा मुद्दा बरोबर आहे आणि तो फरक मोठाच आहे. पण मी टेकू देत नव्हतो हो. माझा कान तिथूनच आलाय, दुसरीकडून ऐकायचं म्हटलं तरी मला जमणार नाही.

नकोच_ते

हे मात्र पटलं. शब्द मागे घेतो.

खर्जातला

ऐकून आलो. मी घरी थोडंफार संगीत बनवतो, म्हणून आतल्या बाजूने सांगतो.

या अल्बममध्ये एक गोष्ट सतत चालू असते: श्वास. किक, म्हणजे तो 'धम्' ठोका, पडली की मागचे लांब सूर क्षणभर दबतात आणि पुन्हा वर येतात. याला साइडचेन म्हणतात. किकचा आवाज एका कंप्रेसरला इशारा देतो आणि तो कंप्रेसर दुसऱ्या आवाजाची मान खाली दाबतो. मुळात ही गरज होती, कारण किक आणि बास एकाच जागेसाठी भांडतात आणि दोन्ही गढूळ होतात. गरजेतून निघालेली युक्ती, पण इथे तिचीच लय झालीय. समुद्र किनाऱ्याला लागून मागे जातो तशी.

दुसरी गोष्ट फिल्टरची. 'फॅक्सिंग बर्लिन'मधली ती टपोर्‍या थेंबांसारखी सुरावट आठवा. स्वर तेच राहतात, पण फिल्टर हळूहळू उघडत जातो. सुरुवातीला बंद दाराआडून ऐकल्यासारखं, मग कोणीतरी दार इंचाइंचाने उघडावं तसं. स्वर बदलले नाहीत तरी पोत बदलत राहतो. हे करायला वेळ द्यावा लागतो आणि तीन मिनिटांत ते होत नाही. हा ट्रॅक बीबीसी रेडिओ १ वर पीट टाँग या डीजेने वाजवला आणि तिथून झिमरमनचं दार उघडलं. मला यातली हिंमत मोठी वाटते. अजून फारसं नाव नसलेला माणूस ऐकणाऱ्याला थांबायला सांगतोय.

चिंचेचा_कोळ

इतकं गंभीर चाललंय म्हणून एक हलकं. माझ्या आईने त्याचं ते डोकं पहिल्यांदा टीव्हीवर बघितलं आणि हात जोडले. म्हणे, गणपतीचं वाहन आहे, उगीच हसू नका. आमच्या घरी त्याचं नाव तेव्हापासून 'मूषकराज'. "मूषकराज लाव रे जरा, भाजी निवडते" असं म्हणते.

रातराणी_९

चिंचेचा_कोळ, काकूंना माझा नमस्कार! आणि त्यांना नावाची खरी गोष्ट सांगू नका, वाईट वाटेल. त्याने संगणक उघडला तर आत मेलेला उंदीर सापडला. चॅटवर ही हकीकत सांगितल्यावर लोक त्याला 'मेलेल्या उंदराचा पोरगा' म्हणून ओळखायला लागले. चॅटवरच्या नावाला ते अक्षरांच्या मानाने लांब पडत होतं, म्हणून शेवटी एस आणि ईच्या जागी आकडा ५ आला (deadmau5).

चिंचेचा_कोळ

सांगितलं. म्हणाली, "अरेरे. मग बरं केलं, त्याचं नाव तरी ठेवलं."

मिसिसागाकर

इकडून ओंटारिओतून हजेरी. तो मूळचा नायगारा फॉल्सचा, म्हणजे आमच्यापासून गाडीने दीडेक तास. इथल्या पोरांना त्याचा अभिमान आहे, अगदी गावचा पोरगा म्हणून. कॅनडाचा जूनो हा संगीत पुरस्कार, २००९चा, नृत्यसंगीताच्या विभागातला, याच अल्बमला मिळाला.

नोव्हेंबर २०११ मध्ये टोरांटोच्या रॉजर्स सेंटरला त्याचा मोठा कार्यक्रम झाला, त्याला आम्ही तिघे मराठी मित्र गेलो होतो. जिथे बेसबॉल खेळतात ते हे मैदान, आणि छताखाली ती गर्दी! एरवी मी गर्दीत घाबरतो. पण त्या दिवशी शेजारच्या अनोळखी माणसाने माझ्याकडे बघून नुसती मान हलवली, मीही हलवली. परदेशात येऊन मला तेव्हा दोन वर्षं झाली होती आणि इथलाच आहे असं पहिल्यांदा तिथे वाटलं.

त्याच्या मांजराचं नाव तेव्हा प्रोफेसर म्याउइंग्टन्स होतं. त्या कार्यक्रमालाही मांजराचंच नाव दिलेलं होतं. उंदराने मांजर पाळलं होतं, हे काकूंना नक्की सांगा.

सरळसोट

सगळ्यांच्या विरोधात लिहितोय, राग मानू नका. मी हा अल्बम तीनदा ऐकायचा प्रयत्न केला आणि तिन्ही वेळा पाचव्या-सहाव्या ट्रॅकला सोडून दिला. मला गोष्ट लागते, शब्द लागतात. 'आय रिमेंबर'मध्ये बाईंचा आवाज येतो तेव्हा जीव भांड्यात पडतो. बाकी वेळ मी कुठल्यातरी दुकानात उभा आहे असं वाटतं. 'ब्राझील'ची धून मला आवडते, पण ती मी आधी २०१० च्या अलेक्सिस जॉर्डनच्या 'हॅपिनेस'मध्ये ऐकली होती. तिथे त्याच धुनेवर शब्द आहेत आणि मला ती आवृत्ती जास्त जवळची वाटते. भाच्याचं चुकलं काय?

खर्जातला

चुकलं काहीच नाही. आवाज हॅली गिबी यांचा आणि ट्रॅक कास्केड या डीजेसोबत केलेला. तोच ट्रॅक कास्केडच्या त्याच वर्षीच्या अल्बममध्येही आहे. म्हणजे एकच गाणं दोन घरांत नांदतंय. तुम्हाला तेवढंच भावलं तर तेवढंच ऐका. माझी फक्त एक विनंती, एकदा चालता-चालता ऐकून बघा, बसून नको.

कुडाळ_स्टँड

चालता-चालता नाही, रेल्वेत! माझा अनुभव लिहितो.

मुंबईहून कोकणकन्येने घरी चाललो होतो, २०१० चा मे महिना. वरच्या बर्थवर झोप येईना. अल्बम सुरुवातीपासून लावला आणि डोळे मिटून पडलो. कधी डुलकी लागली, कधी जाग आली, अल्बम संपला की पुन्हा पहिल्यापासून. पहाटे उक्शी गेलं आणि गाडी करबुड्याच्या बोगद्यात शिरली. साडेसहा किलोमीटरचा बोगदा, कोकण रेल्वेवरचा सगळ्यात लांब. नेमका त्याच वेळी 'आय रिमेंबर' चालू होता. बोगद्यात रुळांचा आवाज भिंतींवर आपटून दुप्पट होतो, तो खालून, आणि हे कानात वरून. किती मिनिटं गेली ठाऊक नाही. बाहेर पडलो तेव्हा ट्रॅक संपून पियानो सुरू झाला होता आणि खिडकीत उजाडत होतं. समोर ओली लाल माती, काजूची झाडं.

वडील जाऊन तेव्हा महिना झाला होता, त्यांच्या मागच्या कामांसाठीच निघालो होतो. महिन्याभरात रडू आलं नव्हतं. ते त्या पियानोला आलं.

@सरळसोट, शब्द नव्हते म्हणूनच झालं असं मला वाटतं. शब्द असते तर ते दुसऱ्या कोणाचं तरी दुःख झालं असतं. आणि जुईताई, तो पियानो तिथे नसता, दुसरंच काही लागलं असतं, तर? मी क्रमाच्या बाजूने.

सरळसोट

कुडाळ_स्टँड, वाचून गप्प झालो. पुन्हा ऐकतो.

सुपारी_बाग

_/\_

मागचा_दरवाजा

मीही काल रात्री सलग ऐकला, फार वर्षांनी. माझं घराण्याचं म्हणणं अजून तेच आहे. पण एक बदल करतो. मी लिहिलं होतं की प्रगती रात्रीची असते, एकट्या गाण्याची नव्हे. या माणसाने ती रात्र क्लबातून काढून हेडफोनात आणली, बसमध्ये, रेल्वेच्या बर्थवर. साशा-डिगवीडच्या मिक्समध्ये डीजे दुसऱ्यांचे ट्रॅक जोडून प्रवास घडवतो. इथे जवळजवळ प्रत्येक वीट एकाच माणसाने भाजलेली आहे. 'सम काइंड ऑफ ब्लू'पासून 'नॉट एक्झॅक्टली'पर्यंत त्याचाच पोत. त्या अर्थी तो प्रोग्रेसिव्ह आहे, असं आज म्हणायला तयार आहे.

टिंब_टिंब

अकराव्या ट्रॅकबद्दल अजून कोणी काहीच कसं लिहिलं नाही? 'आर्गुरू'.

आर्गुरू हे एका माणसाचं टोपणनाव. हुआन अँतोनियो आर्ग्वेयेस रिउस, स्पेनचा प्रोग्रॅमर. संगीत बनवायची सॉफ्टवेअर तो लिहायचा. त्याचं 'सायकल' (Psycle) नावाचं सॉफ्टवेअर मोफत होतं, कोडही खुला. महागडी यंत्रं घेता न येणाऱ्या कितीतरी पोरांनी जगभरात अशा सॉफ्टवेअरवर हात बसवला. मी त्यांतलाच एक. नाशिकला सायबर कॅफेत उतरवून, सीडीवर घालून घरी नेलं होतं. जून २००७ मध्ये मोटार अपघातात तो गेला. पुढच्याच वर्षी या अल्बममध्ये त्याच्या नावाचा ट्रॅक आला.

ऐकताना लक्षात घ्या, तो शोकगीतासारखा मंद नाही. किक चालूच आहे, अंग हलवणारीच. पण वरची धून अशी आहे की नाचता-नाचता माणूस मध्येच थांबावा. अवजार बनवणाऱ्याला कोण आठवतं? हार्मोनियम बनवणाऱ्याचं नाव मैफलीत कोणी घेत नाही. याने घेतलं, आणि पूर्ण ट्रॅकभर घेतलं. म्हणून हा अल्बम माझ्यासाठी मोळी नाही. त्याला कोणाला तरी काही सांगायचं होतं.

कॅंडोलिमचो

टिंब_टिंब, हे ठाऊक नव्हतं. इतकी वर्षं मी तो शब्द 'गुरू'शी जोडत होतो.

टिंब_टिंब

जोडा की. माझ्यासाठी तो होताच.

जुई_सातारा

किती छान लिहिलंत सगळ्यांनी. उत्तर द्यायला उशीर झाला, कारण आम्ही प्रयोग करत होतो.

शनिवारी रात्री भाच्याला गच्चीवर बसवलं. ठरलं असं की आधी तो म्हणेल तसा उलटसुलट क्रम, मग माझा. उलटसुलट लावलं तेव्हा 'फॅक्सिंग बर्लिन' आधी आला आणि पियानो तीन ट्रॅक सोडून. तो फोन बघत होता. मग क्रमाने लावलं. तीनतालकाका, तुमचं नाव न घेता फक्त एवढंच सांगितलं, "आठव्याकडे लक्ष दे." पियानो झाला, ठेका सुरू झाला आणि हा म्हणाला, "अच्छा, हे तेच आहे!" फोन खाली ठेवला त्याने. कुडाळ_स्टँड, तुमचा प्रतिसाद मी त्याला वाचायला दिला. काही बोलला नाही, फक्त तेवढा भाग पुन्हा लावायला सांगितला.

मग अकरावा लागला. मी आर्गुरूबद्दल सांगितलं तर म्हणाला, "सायकल? चालवायची?" मी स्पेलिंग दाखवलं. काल दुपारी त्याने ते उतरवून घेतलंय. पडद्यावर नुसते आकड्यांचे रकाने खाली सरकत जातात, पियानोच्या पट्ट्यासुद्धा दिसत नाहीत. जेवायला तीनदा हाक मारावी लागली. टिंब_टिंब, त्याचा एक प्रश्न आहे. किक टाकली पण बास तिच्याखाली दबून जातोय, ऐकूच येत नाही. काय करायचं?

खर्जातला

टिंब_टिंबच्या आधी मीच सांगतो. त्याला म्हणावं, किक पडते त्या रकान्यात बास ठेवूच नको, पुढच्या रकान्यात सरकव. मग काय ऐकू येतं ते कळव.

जुई_सातारा

सरकवला. खालून बहीण ओरडतेय की आवाज कमी करा.